बाबा, डॉक्टरांपुढे तुम्ही बोला

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबांचं मन कशात लागत नाही, डॉक्टरांना दाखवू, असा विषय फोनवर निघाला की आई म्हणते, "बघू, सणवार होऊ देत," आणि बाबा काही न बोलता फोन तिच्याकडे देतात. म्हणून पत्र. शनिवारी दुपारची वेळ घेतली आहे, आपल्या नेहमीच्याच डॉक्टरांची. पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं का, ते त्यांनी तपासल्यावर ठरवू.

आई, आधी तुझ्याशी बोलते. मागच्या वेळी डॉक्टरांनी बाबांना विचारलं, "झोप कशी आहे?" आणि उत्तर दिलंस तू. "पहाटेची गाडी असायची ना, लवकर उठायची सवयच आहे त्यांना." झालं, डॉक्टरांनी बीपी बघितलं, तीच गोळी चालू ठेवली आणि आपण बाहेर. अगं, ड्रायव्हर असताना पहाटेच्या गाडीला बाबा गजर लावून उठायचे आणि ड्युटीवरून आले की जेवून लगेच घोरायला लागायचे. आता गजर नसताना तीनला जाग येते, मग डोळ्याला डोळा लागत नाही, दुपारीसुद्धा नाही. याला सवय म्हणत नाहीत. सकाळी चहाही नकोसा होतो आणि दिवेलागणीला जरा बरं वाटतं, हे तूच मला सांगितलंस. डॉक्टरांना नेमकं हेच हवं असतं. तेव्हा आधी बाबांना बोलू दे, ते अडखळले तरी थांब. त्यांचं झाल्यावर तुला दिसलेलं तू सांग. तू बघतेस तेवढं आम्ही कोणीच बघत नाही.

बाबा, दिवाळीनंतर स्वारगेटहून कराडला आलो ते आठवतंय? एरवी ड्रायव्हरने खंबाटकीत गिअर उशिरा टाकला तर तुमचा पाय आपोआप क्लचवर गेल्यासारखा हलतो आणि पुढच्या सीटवरच्यालाही ऐकू जाईल असं काहीतरी पुटपुटता. त्या दिवशी गाडीने घाटात दोनदा गचके खाल्ले, तुम्ही खिडकीबाहेरही बघत नव्हतात. भजनी मंडळ सुटलं, पेपर घडी न उघडता पडून राहतो, ही यादी आईकडे आहेच. मला धसका बसला तो त्या घाटात.

"पाय दुखतात, तोंडाला चव नाही" एवढंच सांगून उठू नका. उतारवयात डिप्रेशन पुष्कळदा अंगदुखी, अपचन, विसरभोळेपणा असंच वेष बदलून येतं. डॉक्टर बहुधा मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतील: कशात मन लागतं का, भूक, थकवा, स्वतःला दोष देणं. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन बघायला रक्तही घेतील, कारण त्यातलं काही बिघडलं तरी माणूस असाच मलूल होतो.

आणि ते वाक्य. "आता गाडी डेपोत लावायची वेळ झाली." आईला तुम्ही दोनदा म्हणालात. ती थट्टेवारी नेते, पण मला फोनवर सांगताना तिचा आवाज बदलला होता. ते वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. मरणाचे विचार येतात का, असं त्यांनी सरळ विचारलं तर दचकू नका. विचारल्याने तसले विचार डोक्यात शिरत नाहीत. उलट मनातलं बोलायला जागा मिळते. शनिवारच्या आधी एखाद्या रात्री फारच जड गेलं तर आईला उठवा, मला फोन करा, किंवा १४४१६ लावा. टेलिमानस म्हणून सरकारी सेवा आहे, २०२२ पासून, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.

गोळ्यांचं मी सांगते, मेडिकलच्या काउंटरवर दिवस जातो माझा. या औषधांची चिठ्ठी लोक चार घड्या घालून देतात आणि हळूच विचारतात, "झोपेची आहे का? सवय लागेल का?" सवय लावणाऱ्या असतात त्या बहुतेक झोपेच्या गोळ्या, आणि त्याच लोक शेजाऱ्याच्या पाकिटातून बिनधास्त घेतात! डिप्रेशनच्या गोळीचं व्यसन लागत नाही. तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थपणा होतो, आणि नेमके तेव्हाच लोक पट्टी अर्धी टाकून देतात. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायची, आणि बंद करायची ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम विचारायची. तुमच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे. त्याच्या जोडीला डिप्रेशनच्या काही गोळ्या दिल्या की वय झालेल्यांच्या रक्तातलं सोडियम उतरू शकतं, मग चक्कर येते, गोंधळल्यासारखं होतं. म्हणून घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणा, वैद्यांची ती पुडीसुद्धा. नुसती "पांढरी छोटी गोळी" म्हणून सांगू नका.

राहिले लोक. कराडात कुणाला कळायला नको असेल तर चिठ्ठीचा फोटो मला पाठवा, औषधं मी पाठवते. डॉक्टरांनाही तुमचं बोलणं गावभर करता येत नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तसं स्पष्ट आहे. आई, "त्यांना काय कमी आहे?" हे मात्र त्यांच्यासमोर म्हणू नकोस. कमी काही नाही म्हणूनच ते बोलायला लाजतात.

मी शनिवारी पहिल्या गाडीने येते. स्टँडवर घ्यायला येऊ नका, रिक्षा करीन. जुन्या ईसीजीची फाइल कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे, ती काढून ठेवा. आणि आई, स्वयंपाकात अडकू नकोस, येताना मी डबा आणतेय.

तुमची,
सुमा