पदके घासू नका, कडा वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत युद्धपदकांच्या संग्रहावर पानभर लेख आला. या विषयाला कुणी एवढी जागा देतो हेच पुष्कळ, त्याबद्दल आभार. पण खालच्या चौकटीत पदके ‘नव्यासारखी’ ठेवण्याचा जो कानमंत्र दिला आहे, तो वाचून डोक्याला हात लावला. टूथपेस्टने घासा, लिंबू चोळा, नाहीतर सोनाराकडून बफ मारून घ्या म्हणे! काल दुपारपासून किती घरांत ब्रश फिरले असतील, देव जाणे.

पहिल्या महायुद्धातले चांदीचे ब्रिटिश वॉर मेडल 65 लाखांच्या आसपास वाटले गेले. समोरून सगळी सारखीच. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. वेगळे असते ते कडेवर. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे बारीक अक्षरांत ठोकलेली असते. शोध घ्यायचा तो त्या ओळीवरून, कारण साध्या शिपायाच्या नोकरीचे कागद सहसा मिळतच नाहीत. त्यातून तेव्हाचा नंबर पलटणीपुरताच असे, म्हणजे एकच नंबर दोन पलटणींत दोन वेगळ्या माणसांचा. आणि मराठा पलटणींत जाधव, शिंदे, कदम किती! नंबर आणि पलटण दोन्ही वाचता आले तरच माणूस सापडतो. राजाचा चेहरा चकाकतो की काळवंडलाय, याच्याशी कुणाला कर्तव्य आहे?

माझ्याकडे मेसोपोटेमियात लढलेल्या एका मराठा शिपायाचे व्हिक्टरी मेडल आहे. ब्रॉन्झचे, म्हणून भट्टीतून वाचले. त्याच्या जोडीचे, त्याच शिपायाचे चांदीचे वॉर मेडल मी बरीच वर्षे शोधत होतो. 1980 च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा अशी पदके ढिगाने भट्टीत गेली, त्यामुळे आशा जवळपास सोडली होती. मग एका विक्रेत्याच्या छापील यादीत तोच नंबर, तेच नाव, तीच पलटण दिसली. फोन करेपर्यंत दुसऱ्या संग्राहकाने ते उचलले होते. हरकत नाही, निदान पाहावे तरी, म्हणून त्या सद्गृहस्थांना गाठले. त्यांनी मोठ्या कौतुकाने मखमलीची पेटी उघडली. पदक आरशासारखे लखलखत होते. बोटात धरून कड फिरवली, तर नंबराच्या जागी गुळगुळीत चांदी, नावातली दोन अक्षरे कशीबशी तग धरून, आणि शेवटचे ‘एल. आय.’ (म्हणजे लाइट इन्फंट्री) तेवढे धड. “मशीनवर पॉलिश करून घेतलं, फार काळं पडलं होतं हो,” इति सद्गृहस्थ. वर “नाव तसंही कुठे वाचता येत होतं?” हेही ऐकवले. विक्रेत्याच्या यादीत अक्षर न् अक्षर होते, साहेब!

आता ही दोन पदके एकाच माणसाची, याला पुरावा म्हणून ती यादी तेवढी उरली. पुढेमागे कुणी व्हर्नियर लावून व्यास मोजला आणि तो 36 मिलिमीटरपेक्षा कमी भरला, तर जुने नाव खरवडलेले म्हणून तो ते बाजूला सारेल. त्याचे चुकणारही नाही, कारण खोटी नावे घालणारे आधी जुने नाव घासूनच काढतात. त्या सद्गृहस्थांवर तरी काय रागवायचे? त्यांनी अशीच एखादी चौकट वाचली असणार.

बरे, मूळ लेख तरी धड असावा! व्हिक्टरी मेडलच्या फोटोखाली ‘शौर्यपदक’ छापले आहे. ते युद्धक्षेत्रात नोकरी केल्याबद्दल मिळे. शौर्यासाठी इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट होती, इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल होते, आणि 1911 पासून भारतीय शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉसही खुला झाला होता. आपल्या हिशोबाने छावणीतला प्रत्येक कारकून शूरवीर ठरतो. असेलही, पण पदक त्यासाठी नव्हते. ‘दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवर नाव नसते’ हे वाक्यही ब्रिटिश सैनिकांबाबत खरे, पण सरसकट नाही. भारतीय सैन्यातल्यांना ती नाव घालूनच मिळाली. हे वाचून कुणी आजोबांचा बर्मा स्टार उलटा करून न पाहताच मोडीत घातला, तर जबाबदार कोण?

चौकट द्यायचीच होती तर एवढे सांगायचे होते, की काही करण्याआधी कडेचा चहूबाजूंनी फोटो काढा. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, हिरवा चिकट थर धरतो. जोडीतले एकच पदक विकू नका. आणि काळेपणा आहे तसा राहू द्या, तो कुणाला चावत नाही.

जाता जाता आणखी एक. मागे याच विषयावर मी पत्र पाठवले होते. आपण ते छापलेत, पण त्यातला पलटणीचा क्रमांकच नेमका गाळलात. जागेअभावी, असे फोनवर कळले. त्याच पानावर राशिभविष्य मात्र बाराच्या बारा राशींचे होते.

या वेळी खुलासा छापणार असाल तर त्या चौकटीएवढ्याच टायपात, पुरवणीच्याच पानावर छापा. आतल्या पानाच्या तळाशी छापलेली दिलगिरी फक्त आपला प्रूफरीडर वाचतो, आणि तोही वाचत असेल असे कालचा अंक पाहून वाटत नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार