तळाचे पाणी मोजल्याशिवाय प्रवाळांची हद्द आखू नका

मा. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्री यांस,
सादर नमस्कार.

बडोद्याला समुद्र नाही, पण बडोद्याचे पाणी समुद्रात जाते. कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी १९८३ पासून सुमारे ५५ किलोमीटरच्या कालव्यातून सारोदजवळ महीच्या मुखाशी पडते. खंभातच्या आखातात ओहोटीला एवढी ओढ, की ते लगेच वाहून जात असेल असे वाटते. ओहोटीचा कमाल वेग सेकंदाला २ मीटर धरला, तर सहा-सव्वासहा तासांत पाणी साधारण २८ किलोमीटर खाली सरकते आणि भरतीबरोबर जवळजवळ तेवढेच मागे येते. वेग प्रचंड, निचरा सावकाश. पाणी धावताना दिसते, म्हणून ते कुठे पोहोचते हे कळले असे होत नाही.

खोल समुद्रातल्या प्रवाळांसाठी संरक्षित क्षेत्रे आखताना हीच गफलत होण्याची भीती आहे. हे प्रवाळ उथळ पाण्यातल्या प्रवाळांसारखे शैवालाच्या जिवावर जगत नाहीत. तिथे उजेडच नाही. कडक खडकाला धरून बसायचे आणि प्रवाह जे कण आणील ते खायचे, एवढाच त्यांचा चरितार्थ. प्रवाह मंदावला की उपासमार, गाळ वाढला की गुदमरणे. अटलांटिकमध्ये ते २०० ते १००० मीटर खोलीवर भरपूर सापडतात, म्हणून आपल्याकडेही तोच पट्टा राखून ठेवावा, हे सुचायला सोपे आहे. अरबी समुद्रात मात्र साधारण १५० ते १००० मीटरच्या दरम्यान प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो. उसन्या खोलीवर रेघ मारली तर आपण बहुधा ओसाड चिखलच राखत बसू. शोध घ्यायचा तो या थराच्या वरच्या आणि खालच्या कडेला: वर, भूखंडमंच जिथे संपून उतार लागतो तिथे; खाली, अरबी समुद्राच्या तळाशी असलेल्या लक्ष्मी खोऱ्यातल्या रामन, पणिक्कर आणि वाडिया या पाण्याखालच्या डोंगरांवर.

दुसरी अडचण प्रवाहांच्या नकाशांची. उपग्रहाला फक्त पृष्ठभाग दिसतो. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगत वरचे पाणी दक्षिणेकडे वाहते, हिवाळ्यात उत्तरेकडे. पावसाळ्यात त्याच्या पोटात उलट दिशेचा प्रवाह असतो. प्रवाळांच्या अळ्या तळाजवळून वाहत असतील, तर वरचा नकाशा त्यांना नेमक्या उलट्या गावी पोहोचवतो. मग ज्या डोंगरावरून बीज येते तो हद्दीबाहेर राहतो आणि जिथे ते कधी पोहोचत नाही तो आत येतो.

म्हणून मोजणी तळाशी हवी, आणि ती सलग १३ महिने, म्हणजे दोन्ही मोसम पुरते हाती येतात. ध्वनिलहरींनी वेग मोजणारे उपकरण तळाशी नांगरलेल्या उभ्या दोरावर, तळापासून ३०० मीटर वर, तोंड खाली करून टांगता येते. ध्वनीच्या शलाका २० अंश कललेल्या असलेल्या उपकरणाला तळाच्या प्रतिध्वनीमुळे शेवटचे ६ टक्के अंतर वाचता येत नाही. ३०० मीटरचे ६ टक्के म्हणजे १८ मीटर; प्रवाळ राहतात ते नेमके याच आंधळ्या पट्ट्यात. त्याच दोरावर तळापासून २ आणि १० मीटरवर एकेक साधा वेगमापक आणि प्राणवायूमापक बसवावा. प्राणवायूमापकाचे वाचन हळूहळू सरकते, म्हणून टाकताना आणि काढताना त्याच खोलीचे पाणी बाटलीत घेऊन विंकलर पद्धतीने, म्हणजे प्राणवायूच्या रासायनिक मोजणीने, ताडून पाहिलेच पाहिजे. प्राणवायू इतका कमी असताना छोटी चूकही सगळा निष्कर्ष फिरवते. कॅमेरा एका नॉटपेक्षा कमी वेगाने, तळापासून दोनेक मीटर वरून ओढावा आणि त्यावर १० सेंटीमीटर अंतराने दोन लेसर ठिपके असावेत. ते नसतील तर फांदी वीतभर की हातभर, हे चित्रावरून सांगता येत नाही.

खोल समुद्र मोहिमेला २०२१ मध्ये ४,०७७ कोटी मंजूर झाले. चर्चा मात्र सगळी माणूस ६००० मीटर खाली नेण्याची. त्यापुढे असा दोर फार स्वस्त पडतो.

एक गोष्ट पर्यावरण मंत्रालयाच्या अखत्यारीतली, पण शब्द आपण टाकावा. काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहेत. त्यामुळे जाळ्यात तुकडा आला की खलाशी तो गुपचूप पाण्यात टाकतो, आणि जागेची नोंदही त्याबरोबर बुडते. व्हेल शार्क सोडणाऱ्याला गुजरातने जाळ्याची भरपाई दिली, तेव्हा मच्छीमार स्वतःच फोटो काढून कळवू लागले. प्रवाळाचा तुकडा, अक्षांश-रेखांश आणि खोली कळवणाऱ्यावर गुन्हा नोंदणार नाही, एवढे लेखी परिपत्रक निघाले तरी नकाशा भरू लागेल.

पहिला दोर आंग्रिया बँकेच्या पश्चिम उतारावर टाकावा. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटरवरचा हा उंचवटा. कान्होजींचे नाव लावलेल्या जागेची हद्द तरी परक्या मोजमापाने ठरू नये. दोर एप्रिलमध्ये सोडावा, पुढच्या मेमध्ये पावसाच्या आधी काढावा. तासाला एक नोंद पुरते. दर दहा मिनिटांनी घेतल्यास बॅटरी वर्ष काढीलच असे नाही. आणि तो पाण्यात असेपर्यंत त्या उतारावर तळ खरवडणारी जाळी थांबवावीत, नाहीतर पहिलाच ट्रॉलर तो दोर ओढून नेईल.

आपले,
बडोद्यातील समुद्र-अभ्यासक