स्केटबोर्ड हा आयुष्यभराचा खेळ आहे. त्याला पुलाखालची जमीन मिळावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शहरातील मोकळ्या जागा, उड्डाणपुलांखालचे सुशोभीकरण आणि मुलांना न उरलेली मैदाने या विषयांवर आपल्या दैनिकात वरचेवर लिहिले जाते. या चर्चेत स्केटबोर्डचा उल्लेख झालाच, तर तो वाढदिवसाला मिळालेले आणि दोन महिन्यांत माळ्यावर जाणारे खेळणे म्हणून होतो, किंवा ऑलिंपिक पदकाची नवी संधी म्हणून होतो. शाळकरी वयापासून आज पन्नाशी उलटेपर्यंत हा खेळ मी सोडलेला नाही. माझ्या अनुभवातला स्केटबोर्ड या दोन्ही वर्णनांत बसत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता असून पुण्यात राहतो. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतून सुटीला आलेल्या मामेभावाने परत जाताना आपला स्केटबोर्ड माझ्याकडे ठेवला. शिकवणारे कोणी नव्हते, सोबत खेळणारेही नव्हते. त्यामुळे या खेळाने मला सर्वांत आधी जमीन ओळखायला शिकवले. शहाबादी फरशीचे सांधे चाकाला कुठे धरतात, जुन्या कामाचा घोटलेला कोबा आणि घाईत केलेला कोबा यांत काय फरक असतो, नुकतीच खडी टाकलेल्या रस्त्यावर पायांना मुंग्या का येतात, हे अभियांत्रिकीच्या पुस्तकांच्या कितीतरी आधी मला माझ्या तळपायांनी सांगितले. पुढे वाहनतळांची आणि कारखान्यांच्या जमिनींची कामे करू लागलो, तेव्हाही ढाळ कुठे बिघडला आहे हे लेव्हल लावण्याआधी मला चालतानाच जाणवत असे. वर्षानुवर्षे या फळीवर उभे राहणाऱ्या माणसाला आपल्या गावाची ओळख पायाखालून होत जाते, आणि माझ्या मते ही या खेळाची सर्वांत मोठी देणगी आहे.

खेळाची वाढही जमीन आणि चाक यांच्या नात्यातूनच झाली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील सर्फिंग करणाऱ्या मुलांनी १९५०च्या दशकात तो सुरू केला, तेव्हाची धातूची आणि पुढे मातीच्या मिश्रणाची चाके एखाद्या खड्यावर अडकली तरी खेळाडू तोंडावर आपटत असे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी यांनी पॉलियुरेथेनची चाके या फळीला लावून विकायला काढली. ही चाके जमिनीला धरून राहत आणि लहानसहान खडबडीतपणा स्वतःत जिरवत. त्याच दशकात कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, घरोघरचे पोहण्याचे तलाव कोरडे राहिले आणि त्यांच्या गोलाईदार भिंतींवर मुले चढू लागली. फ्लोरिडातील ॲलन गेल्फंड यांनी दशकाच्या अखेरीस हात न लावता फळीसकट हवेत उठण्याची रीत अशाच गोलाईवर बसवली, आणि रॉडनी मलेन यांनी थोड्याच वर्षांत ती सपाट जमिनीवर आणली. मागच्या पायाने फळीचे शेपूट जमिनीवर आपटायचे, त्याच क्षणी शरीर वर घ्यायचे आणि पुढचा पाय फळीवरून तिरका घासत पुढे न्यायचा, म्हणजे फळी पायाला चिकटल्यासारखी वर येते. या ‘ऑली’वर आजचे जवळजवळ सारे रस्त्यावरचे स्केटबोर्डिंग उभे आहे. ती जमायला मला फार काळ लागला, आणि जमली त्या दिवशी तिथे पाहणारे कोणीही नव्हते, याचे मला तेव्हा किंचितही वाईट वाटले नाही.

हे वाईट न वाटणे मला महत्त्वाचे वाटते. या खेळात समोर प्रतिस्पर्धी नसतो आणि अमुक वेळेत अमुक धावा असा हिशेब नसतो. आपण ठरवलेली एक गोष्ट असते आणि ती होईपर्यंत पुन्हा पुन्हा पडणे असते. पडण्याचेही शास्त्र आहे. हात ताठ करून जमीन रोखायला गेलेला माणूस मनगट मोडून घेतो, तर खांद्यावरून लोळण घेणारा कपडे झटकून उठतो. उंच उतारांवर खेळणाऱ्यांनी जाड कठीण कवचाचे गुडघापट्टे बांधून गुडघ्यांवर घसरत खाली येण्याची पद्धत काढली, म्हणून त्यांतले कित्येक जण आज धडधाकट आहेत. हेल्मेट, मनगटपट्टे आणि गुडघापट्टे यांविना मी कोणत्याही मुलाला फळीवर उभे राहू देत नाही. धोका खरा आहे आणि तो पालकांपासून लपवू नये.

वय वाढल्यावर हा खेळ सोडावाच लागतो, असे अनेकांना वाटते. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून उतरलेले अँडी मॅक्डोनाल्ड एक्कावन्न वर्षांचे होते आणि त्यांची संघसहकारी स्काय ब्राउन सोळा वर्षांची होती. मॅक्डोनाल्ड अंतिम फेरीत पोहोचले नाहीत, पण त्यांच्या प्रत्येक फेरीनंतर इतर खेळाडू ज्या आनंदाने टाळ्या वाजवत होते, तो आनंद या खेळातील कोणालाही ओळखीचा वाटला असेल. टोनी हॉक यांनी हवेत अडीच गिरक्या घेऊन उतरण्याची करामत १९९९मध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षी साधली. २०२२मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांच्या मांडीचे हाड मोडले आणि त्यानंतरही ते फळीवर परतले. माझी तुलना या थोर खेळाडूंशी नाही. मी आता पायऱ्यांवरून उडी घेत नाही, गुडघा कुरकुरला तर दोन आठवडे थांबतो आणि कमी उंचीच्या कठड्यांवर समाधानी राहतो. फळीवर उभा राहून पहिला ढकल दिला की जे वाटते, त्यात मात्र काहीही कमी झालेले नाही.

टोकियो ऑलिंपिकमधील महिलांच्या ‘पार्क’ प्रकाराची, म्हणजे गोलाईदार खोलगट मैदानावरील स्पर्धेची, अंतिम फेरी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना मी काय म्हणतो आहे हे अधिक सांगावे लागणार नाही. जपानची मिसुगु ओकामोतो शेवटच्या फेरीत सर्वस्व पणाला लावून अवघड करामत करायला गेली, पडली आणि पदकाला मुकली. ती डोळे पुसत बाहेर आली, तेव्हा तिच्याविरुद्ध खेळलेल्या मुलींनी तिला खांद्यांवर उचलून घेतले. पंचांच्या गुणांपेक्षा प्रयत्नाला मान देण्याची ही रीत ऑलिंपिकमध्ये जन्मलेली नाही. ती रस्त्यावरच्या खेळातून आली आहे, कारण तिथे बारा वर्षांची मुलगी आणि पन्नाशीचा गृहस्थ एकाच कठड्यापाशी आपापली पाळी येण्याची वाट पाहत उभे असतात. कुंपण घालून, शुल्क लावून, वयोगट पाडून केवळ प्रशिक्षण केंद्रे उभारली, तर स्पर्धक तयार होतील, पण हे शेजारपण तयार होणार नाही.

जगातील शहरांनी या खेळाला कसे वागवले, याची उदाहरणे बोलकी आहेत. लंडनमध्ये थेम्सकाठी क्वीन एलिझाबेथ हॉलखालच्या मोकळ्या जागेत १९७०च्या दशकापासून मुले खेळत आली. २०१३मध्ये तिथे दुकाने आणण्याचा आराखडा पुढे आला, नागरिकांनी मोठी मोहीम उभारली आणि २०१४मध्ये ती जागा खेळासाठी राखण्याचा करार झाला. फिलाडेल्फियातील लव्ह पार्क या चौकात नगरपालिकेने बंदी घातली, तेव्हा त्या चौकाची मूळ कल्पना मांडणारे नगररचनाकार एडमंड बेकन यांनी २००२मध्ये, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, हेल्मेट घालून आणि दोन्ही बाजूंनी आधार घेऊन तिथे स्केटबोर्डवर उभे राहून निषेध नोंदवला. नगररचनेच्या व्यवसायातील इतक्या ज्येष्ठ माणसाने केलेली ही कृती मी माझ्या हाताखालच्या तरुण अभियंत्यांना नेहमी सांगतो. पुढे तो चौक नव्याने बांधताना निघालेले ग्रॅनाइट स्वीडनमधील मालमो शहराने आपल्या खेळाडूंसाठी नेले.

आपल्या दृष्टीने सर्वांत उपयोगी उदाहरण मात्र अमेरिकेतील पोर्टलंडचे आहे. तिथे पाऊस पुष्कळ पडतो. म्हणून १९९०मध्ये काही खेळाडूंनी बर्नसाइड पुलाखाली, गलिच्छ झालेल्या जागेत, परवानगीवाचूनच आपल्या हातांनी काँक्रीटचे उतार घालायला सुरुवात केली. नगरपालिकेने नंतर त्या जागेला मान्यता दिली आणि ती आजही वापरात आहे. परवानगीवाचून बांधकाम करावे असे मी मुळीच सुचवत नाही. पण आपल्याकडे चार महिने उघड्यावरचे काँक्रीट ओले असते, आणि पुणे, ठाणे, मुंबई, नागपूर या शहरांत उड्डाणपुलांखालच्या सावलीच्या जागांत भंगार, बेवारस गाड्या आणि रंगवलेल्या कुंड्या पडून असतात. माटुंग्याला तुळपुळे उड्डाणपुलाखाली २०१६मध्ये नानालाल मेहता उद्यान झाले आणि रहिवाशांना चालायला जागा मिळाली. तशीच मोकळीक चाकांनाही देता येईल.

खेळाडू मिळतील का, अशी शंका घेण्याचे कारण नाही. पुण्याच्या श्रद्धा गायकवाड या सुरक्षारक्षकाच्या मुलीने २०२२च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राला स्केटबोर्डिंगचे सुवर्णपदक मिळवून दिले. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातील जनवार या खेड्यात २०१५मध्ये स्केटपार्क झाला, आणि तिथे आधी मुलींना संधी आणि शाळेत न जाणाऱ्याला फळी नाही, असे दोन नियम ठेवले गेले. जे एका लहान खेड्यात जमले, ते आपल्या महापालिकांना अशक्य असू नये.

व्यवसायामुळे खर्चाच्या बाजूबद्दलही अधिकाराने लिहू शकतो. यासाठी परदेशी सामग्री लागत नाही. गोदामासाठी करतो तशी ट्रिमिक्सची, म्हणजे जादा पाणी पंपाने शोषून घेतलेल्या काँक्रीटची, पॉवर ट्रॉवेल या यंत्राने घोटलेली सलग जमीन पुरते. सांधे यंत्राने बारीक कापलेले असावेत आणि पाणी निघून जाण्यापुरता ढाळ असावा. गुडघ्याच्या आतल्या उंचीचे दोन-तीन काँक्रीटचे कठडे, त्यांच्या कडांना लोखंडी अँगल, एक कमी उंचीचा गोलाईदार उतार आणि त्याच्या माथ्यावर दोन इंची पोलादी पाइप, एवढ्यावर नवशिक्या मुलापासून माझ्यासारख्या वयस्कापर्यंत सर्वांना वर्षानुवर्षे पुरेल एवढे काम मिळते. पेव्हर ब्लॉक मात्र कृपा करून टाळावेत, कारण पन्नास-बावन्न मिलिमीटरचे कडक चाक त्यांच्या प्रत्येक सांध्यात आपटते. पुलाच्या सांध्यांतून आणि पन्हाळींतून गळणारे पाणी आधी बंद करावे लागेल, रात्रीचे दिवे लागतील आणि वाहतुकीच्या बाजूला भक्कम कठडा लागेल. पदपथांवर चालणाऱ्यांना स्केटबोर्डचा त्रास होतो ही तक्रार रास्त आहे. जागा नेमून दिली, तर ती बऱ्याच अंशी मिटेल.

आपल्या शहराच्या येत्या अंदाजपत्रकात अशी निदान एक जागा प्रायोगिक म्हणून धरावी, ती विनाशुल्क आणि सर्व वयांना खुली ठेवावी, आणि निविदा काढण्यापूर्वी आराखडा गावातील स्केटबोर्ड खेळणाऱ्यांना दाखवावा, अशी माझी विनंती आहे. आराखडा तपासून देण्याचे आणि काम चालू असताना जमिनीची घोटाई पाहण्याचे काम मी कोणतेही मानधन न घेता करीन. संबंधित अधिकाऱ्यांनी आपल्या दैनिकामार्फत संपर्क साधल्यास मी केव्हाही उपलब्ध आहे.

आपला विश्वासू,
एक स्थापत्य अभियंता, पुणे