आमच्या सिस्टर मावशींना, गुरुवारच्या चहाबद्दल

मावशी, जय ख्रिस्त!

नाव टाकलंस तर घरात घेणार नाही असा दम तुम्ही आधीच दिलाय, म्हणून नाव टाकत नाहीये, वडगाव शेरीतले आणि आपल्या मंडळीतले जे ओळखतील ते ओळखतील. तुमची नात हे वाचून दाखवेल तेव्हा मध्येच "पुरे गं" म्हणून उठून जाऊ नका, शेवटपर्यंत ऐका. तीन वर्षं झाली, आभार मानायचे राहूनच गेले, आणि तोंडावर मानायला गेले की तुम्ही लगेच विषय बदलून मम्मीच्या गुडघ्यावर येता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझे पप्पा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झालेले, शुगर होती पण कंट्रोलमध्ये. ऑगस्टमधली गोष्ट, एका लग्नाहून आलो, बिर्याणी झाली होती, रात्री सव्वाअकराला म्हणाले छातीत जळजळतंय गं. मी म्हटलं ॲसिडिटी असेल पप्पा, गोळी दिली, फ्रिजमधलं थंड दूध दिलं आणि म्हटलं झोपा आता, सकाळी बघू. पहाटे चारला मम्मीनं हाक मारली तेव्हा सगळं संपलेलं होतं. टीपॉयवर स्टीलचा ग्लास तसाच होता, अर्धं दूध शिल्लक, कडेला साय सुकलेली. तो ग्लास मी दोन दिवस घासला नाही आणि कुणाला घासूही दिला नाही.

त्यानंतर सुरू झालं ते. जर मी त्याच वेळी रिक्षा बोलावली असती. जर १०८ ला फोन केला असता. जर लग्नाला गेलोच नसतो. जर मी जरा शहाणी असते आणि घाम बघितला असता, कारण घाम आला होता मावशी, मला आठवतंय, मी फॅन वाढवला होता. ऑफिसात व्हाउचरची एन्ट्री करताना, भाजी निवडताना, अगदी उपासनेत प्रभूची प्रार्थना म्हणताना डोक्यात तेच. रात्री दोन-दोनला मोबाईलवर वाचत बसायचे, शुगरवाल्यांना हार्ट अटॅकमध्ये कधीकधी छातीत दुखतच नाही, नुसती जळजळ होते, घाम येतो, जबडा दुखतो, मळमळतं, हे सगळं आता मला पाठ आहे. (वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात शुगरचं माणूस असेल आणि असं काही झालं तर सकाळी बघू म्हणू नका, तेव्हाच जाऊन ईसीजी काढा. एवढं एकच मी हक्कानं सांगू शकते.)

लोक भेटायला येत होते, चांगलेच होते सगळे, कुणाला नावं ठेवत नाही. पण प्रत्येकाकडे एकच वाक्य, त्यांची वेळ आली होती. किंवा, प्रभूची योजना. किंवा, तू काहीही केलं असतंस तरी काही फरक पडला नसता, मनाला लावून घेऊ नकोस. मी मान हलवायचे आणि मनात म्हणायचे, तुम्हाला काय माहीत, तुम्ही काय डॉक्टर आहात का? ते मला शांत करायला बोलत होते आणि मला ते कळत होतं, म्हणूनच त्यातलं काही आत शिरत नव्हतं.

मग एका गुरुवारी तुम्ही आलात. दफनविधीला तुम्ही मागे उभ्या होतात एवढंच आठवत होतं, तशी आपली ओळख म्हणजे शेवटच्या बाकावर बसणाऱ्या, चाळीस वर्षं नर्सिंग केलेल्या कडक सिस्टर एवढीच. हातात तीन पुडाचा डबा. दारातच म्हणालात, चहा टाक, साखर कमी, आणि आपल्याकडचा चहा जरा जपूनच बरं का, पंचहौद मिशनच्या चहानं १८९० साली टिळक-रानड्यांना ग्रामण्यात, म्हणजे जातबहिष्काराच्या वादात ओढलं होतं. पप्पा गेल्यापासून घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं, आणि ती मम्मी होती.

त्या दिवशी तुम्ही पप्पांबद्दल काहीच बोलला नाहीत. पुढच्या गुरुवारीपण नाही. तिसऱ्या का चौथ्या गुरुवारी मम्मी आत पडली होती तेव्हा मी तुम्हाला ती गोष्ट सांगितली जी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. एका रात्री बरोब्बर साडेअकराला मी ॲक्टिव्हा काढली, मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं आणि घरापासून हॉस्पिटलच्या गेटपर्यंत गेले. नगर रोड रात्री रिकामा असतो. नऊ मिनिटं चाळीस सेकंद. गेटसमोर गाडी लावून उभी राहिले, वॉचमन विचारायला आला मॅडम पेशंट आहे का, मी नाही म्हटलं आणि परत फिरले. मला वाटलं तुम्ही आता रागवाल नाहीतर डोळ्यात पाणी आणून माझ्या डोक्यावरून हात फिरवाल. तुम्ही बशीतला चहा संपवलात आणि विचारलंत, "आणि परत यायला किती वेळ लागला?"

मी गप्प. परत येतानाचं घड्याळ मी लावलंच नव्हतं. घरी कशी आले तेही आठवत नव्हतं.

"तेच बघ," एवढं म्हणालात. तेव्हा मला काहीच कळलं नाही, थोडा रागही आला होता, आता सांगते.

मग मी सरळ विचारलं, सिस्टर म्हणून सांगा, मी नेलं असतं तर वाचले असते का? आणि तुम्ही, तुम्हीच एकट्या, खरं बोललात. म्हणालात, कदाचित वाचले असते. कदाचित टेबलावर गेले असते. कदाचित वाचून पंधरा दिवस व्हेंटिलेटरवर राहिले असते आणि मग गेले असते, मी वॉर्डात तिन्ही पाहिलंय. कुठलं झालं असतं ते मला सांगता येत नाही, तुलाही नाही, आणि सांगता येतं असं म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस. पण एक गोष्ट बघितलीस का, तुझ्या जर-तरमध्ये पप्पा दर वेळी वाचतातच. दर वेळी घरी येऊन चहा पितात. एकदाही व्हेंटिलेटर येत नाही.

मावशी, मी इतकं रडले होते त्या दिवशी. कुणीतरी पहिल्यांदा माझा "जर" खरा मानला होता, उडवून लावला नव्हता, आणि मग त्यातली लबाडीपण दाखवली होती. इस्राएल लोकांचं तुम्ही मग सांगितलंत, रानात असताना त्यांना मिसरमधल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, काकड्या आठवल्या, खरबुजं आठवली, कांदे-लसूण आठवले, पण तिथल्या गुलामगिरीतलं विटा थापणं आणि मुकादमाचे फटके आठवले नाहीत. बायबलमधल्या गणनाच्या अकराव्या अध्यायात आहे, मी संडे स्कूलमध्ये शंभर वेळा ऐकलंय, पण कांदा-लसणाची एवढी यादी तिथं का दिलीय हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

पुढच्या गुरुवारी तुम्ही बायबल उघडायला लावलंत, योहान अकरा. मार्था आणि मरियाचा भाऊ लाजर गेलाय, येशू चार दिवस उशिरा पोचलाय, मार्था रस्त्यात गाठून म्हणते, प्रभू, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. एकविसावी ओवी. मग मरिया येते, पाया पडते आणि म्हणते, प्रभू, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. बत्तिसावी ओवी. तुम्ही विचारलंत, दोघी वेगवेगळ्या आल्या, मग वाक्य एकच कसं? मी म्हटलं लिहिणाऱ्यानं तसं लिहिलं असेल. तुम्ही म्हणालात, मला वाटतं चार दिवस दोघी घरात बसून एकमेकींना हेच म्हणत असणार, तू आणि तुझी आई म्हणता तसं.

आणि खरंच, मी आणि मम्मी तेच करत होतो. ती म्हणायची मी जागी राहायला हवं होतं, मी म्हणायचे मी न्यायला हवं होतं, मग दोघी गप्प, मग परत पहिल्यापासून.

तुम्ही दाखवलंत की येशू त्यांना रागवत नाही. तुमचा विश्वास कमी आहे असं म्हणत नाही. हो मेला नसता असंही म्हणत नाही आणि नाही, तरी मेलाच असता असंही म्हणत नाही. तो जरचं उत्तरच देत नाही. तो विचारतो, त्याला कुठे ठेवलंय? आणि रडतो. आणि मग थडग्याच्या तोंडावरची धोंड बाजूला करा म्हणतो. जो मेलेल्याला उठवणार आहे तो धोंड लोकांना का ढकलायला लावतो, हा तुमचा प्रश्न, आणि उत्तरही तुमचंच, "उठवायचं काम त्याचं, ढकलायचं आपलं. तुझी धोंड कुठली ते बघ, त्याच्या कामात तू कशाला हात घालतेस?"

मी तेव्हा चिडूनच म्हटलं होतं, लाजर उठला मावशी, माझे पप्पा नाही उठले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "लाजर नंतर परत गेलाच की गं. त्याच्या बहिणींना दुसऱ्यांदा रडावं लागलं असणार." यावर काय बोलणार! ईस्टरच्या पहाटे आपण दफनभूमीत उपासनेला उभे असतो, अंधार असतो, हातात मेणबत्त्या, ते आपण कशासाठी करतो हे मला त्या वर्षी पहिल्यांदा कळलं, आणि तिथं मी पप्पांच्या थडग्याशी पहिल्यांदाच सॉरी न म्हणता उभी राहिले.

केडगावला नेलंत तेपण लिहायलाच पाहिजे. दौंडच्या गाडीत खिडकीची जागा मला दिलीत, लोणी, उरुळी, यवत, तुम्ही सगळा वेळ बटाट्याच्या भावाबद्दल बोलत होतात. मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या संस्थेत, त्यांच्या कबरीपाशी मला वाटलं आता तुम्ही लेक्चर देणार. दिलं नाहीत, नुसती हिशेबाची यादी सांगावी तसं सांगितलंत. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये नवरा पटकीनं गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई स्वतः. आणि या सगळ्यात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, इथल्याच बायकांनी इथल्याच छापखान्यात ते छापलं. परतीच्या गाडीत मी विचारलं, यांना जर-तर सुचलं नसेल का हो? तुम्ही म्हणालात, सुचलं असेल की, बाईमाणूसच ना, पण सकाळी मुलींना जेवायला घालायचं होतं. मला ते तेव्हा फार पटलं नव्हतं, म्हटलं मोठ्या लोकांचं काय. पण घरी आले तर मम्मीच्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या आणि तिनं दोन दिवस मला सांगितलंच नव्हतं, मी आपली गेलेल्या माणसाच्या गोळ्यांचा विचार करत बसलेली. रात्री नऊला मेडिकल उघडं सापडेपर्यंत फिरले. तेव्हा डोक्यात आलं, परत येतानाचं घड्याळ म्हणजे हे होय!

आता कसं आहे ते खरंखरं सांगते, कारण तुम्हाला गुळगुळीत साक्ष आवडत नाही. गेलेलं नाहीये. ऑगस्ट आला की पोटात गोळा येतो, बिर्याणी मी अजून खात नाही. पण आधी तो "जर" आला की मी त्याच्यामागे ॲक्टिव्हा घेऊन निघायचे, आता मी तो प्रभूला सांगते, मार्थेसारखा, तोंडावर, कधीकधी भांडूनसुद्धा, आणि मग विचारते आज काय ढकलायचंय. बहुतेक वेळा उत्तर फारच साधं असतं, मम्मीला डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायचंय, नाहीतर मुलाचं भूगोलाचं पाठांतर. पौलानं तुरुंगातून लिहिलंय ना फिलिप्पैकरांना की आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलोय, तुम्ही त्यातल्या "शिकलोय" वर पेन्सिलीनं रेघ मारून दिलीत, म्हणालात पौलालापण आपोआप नाही आलं, तुला कशी घाई? माझ्या बायबलमध्ये ती रेघ आहे अजून, जरा वाकडी, तुमचा हात थरथरतो म्हणून.

आणि गंमत म्हणजे समाधान आलं ते मोठ्या प्रार्थनेत वगैरे नाही. एका रविवारी मम्मी आणि मी चहा पीत होतो, पाऊस लागला होता, ती म्हणाली तुझे पप्पा असते तर आता भजी मागितली असती. तोही जरच होता मावशी! पण त्यात काही टोचलं नाही. आम्ही कांदा चिरला आणि भजी केली, आणि त्या दिवशी मी तो स्टीलचा ग्लास काढून त्यात चहा घेतला. हात भाजला, स्टीलच ते.

तर मावशी, थँक्यू. खोटं बोलला नाहीत त्याबद्दल, आणि चौदा महिने एकही गुरुवार चुकवला नाहीत त्याबद्दल, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तो आठवडा सोडून. तेव्हापण फोनवर विचारलंतच की चहा झाला का.

तुमचा तीन पुडाचा डबा अजून माझ्याकडेच आहे, विसरले नाही. रिकामा कसा द्यायचा म्हणून राहिलाय. नाताळच्या करंज्या या वर्षी मम्मीनं लवकर करायला घेतल्यात, वरच्या पुडात त्या, मधल्यात शंकरपाळे, खालच्या पुडात काय ते अजून ठरलं नाही. गुरुवारी घेऊन येते. साखर कमी.

तुमची,
शेवटून दुसऱ्या बाकावरची