काका, तुमच्या खाकी पाकिटाबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

पत्र तुमच्या पत्त्यावर न पाठवता असं उघड लिहितेय, कारण फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं, कामच होतं ते माझं" म्हणता आणि डब्लिनच्या पावसाची चौकशी सुरू करता. शिवाय आपली एअरलाइन बंद पडली तेव्हा उड्डाणाच्या तासांच्या दाखल्यांची तसलीच खाकी पाकिटं ज्यांच्या हातात पडली, त्यांतल्या कित्येकांना ती कोणी तयार केली हे आजही माहीत नाही. त्यांनाही कळू दे.

पगार थांबले होते. आम्ही वैमानिक दुसरीकडच्या मुलाखतींच्या मागे, अंधेरीचं ऑफिस निम्मं रिकामं. रेकॉर्ड सेक्शनमध्ये तुम्ही मात्र एकेकाच्या फ्लाइंग अवर्सचा दाखला बनवत बसला होतात. एकूण तास, कमांडचे म्हणजे कॅप्टन म्हणून उडवलेले, को-पायलटचे, रात्रीचे, विमानाच्या प्रकाराप्रमाणे वेगळे. पानापानावर शिक्का. सही करणारे साहेब राजीनामा देऊन निघाले, तर गठ्ठा घेऊन तुम्ही त्यांना लिफ्टपाशी गाठलंत म्हणे. माझं पाकीट देताना म्हणालात, "लॉगबुक तू लिहितेस, हा कागद कंपनी लिहिते. आणि कंपनी काही आता फार दिवस नाही."

पुढे दुसरी नोकरी लागली, पाकीट कपाटात गेलं. मग ह्यांची बदली आयर्लंडला झाली आणि आमचं बिऱ्हाड डब्लिनला आलं.

नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: इतकी वर्षं विमान चालवतेस, दुबई-सिंगापूरला जाऊन येतेस, मग लायसन्स पुन्हा कशाला? आरटीओसारखं बदलून देत नाहीत का? नाही देत. १९४४च्या शिकागो करारानुसार विमान ज्या देशात नोंदलेलं, त्या देशाने वैमानिकाचं लायसन्स दिलेलं किंवा मान्य केलेलं असावं लागतं. शेपटीजवळ ‘व्हीटी’ लिहिलेलं आपलं विमान घेऊन मी जगभर फिरेन. पण ‘ईआय’ लिहिलेलं आयरिश विमान डब्लिनहून शॅननपर्यंतही नेता येणार नाही. भारतातलं एटीपीएल, म्हणजे एअरलाइन वैमानिकाचं सर्वांत वरचं लायसन्स, हातात असलं तरी युरोपचं हवं तर तिथल्या थिअरीच्या १३ पेपरना बसायचं, प्रत्येकात ७५ टक्के, सगळे १८ महिन्यांत. क्लास वन मेडिकल नव्याने. शेवटी स्किल टेस्ट.

अभ्यासाचं रडगाणं गात नाही. विशीत पाठ केलेलं जनरल नॅव्हिगेशन चाळिशीत पुन्हा पाठ करणं हा छळ आहे, एवढंच. हवामानशास्त्राच्या अभ्यासात मात्र नैर्ऋत्य मोसमी वारे आले तेव्हा हसू फुटलं. जुलैच्या धो धो पावसात मुंबईच्या २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या बाईला मान्सून कधी येतो हे विचारतात!

खरी अडचण कागदांची निघाली. लायसन्स खरं आहे, हे डीजीसीए, म्हणजे आपलं विमान वाहतूक महासंचालनालय, थेट इकडच्या अथॉरिटीला कळवतं. उडवलेल्या तासांची साक्ष मात्र मालकाने द्यायची, आणि माझ्या निम्म्याहून जास्त तासांचा मालक उरलाच नव्हता. युरोपच्या एटीपीएलला किमान १५०० तास लागतात, त्यांत रात्रीचे १०० तरी हवेत. माझ्याकडे त्याहून कितीतरी जास्त होते. पण ते मीच म्हणून काय उपयोग?

तेव्हा तुमचं पाकीट उघडलं.

ट्रेनिंग संस्थेतल्या बाईंनी दाखला आणि लॉगबुक शेजारी ठेवून ओळन् ओळ ताडून पाहिली. सोबत जुन्या रोस्टरचे, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकाचे, प्रिंटही मागितले आणि तिथे अडल्या. रोस्टरवर पाच तारखेचं विमान लॉगबुकात चार तारखेला. एक नाही, अशी पुष्कळ. त्यांचा प्रश्न रास्तच होता: एकच फ्लाइट दोनदा तर धरली नाही ना? मी सांगायला तोंड उघडणार, तोच त्यांनी तुमच्या दाखल्याचं शेवटचं पान उलटलं. तिथे तुम्ही तक्ताच करून ठेवला होता. मध्यरात्रीनंतर सुटणारी प्रत्येक फ्लाइट, डावीकडे रोस्टरवरची भारतीय वेळ आणि तारीख, उजवीकडे लॉगबुकातली यूटीसी, म्हणजे आपल्याहून साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ. मुंबईहून पहाटे सव्वादोनला सुटलेलं विमान यूटीसीप्रमाणे आदल्या रात्री पावणेनऊला सुटतं, हे कधीतरी, कुठेतरी, कोणाला तरी खटकणार हे तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं. खाली बारीक अक्षरात टीप होती आणि तुमची आद्याक्षरं. बाईंनी ते पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे कोणी केलं?" मी तुमचं नाव सांगितलं. उच्चार त्यांना जमला नाही, ते सोडा.

काका, त्या महिन्यात तुम्हालाही पगार नव्हता. मुलीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं, हे मला खूप नंतर कळलं. तुम्हीही आमच्यासारखं दुसरी नोकरी शोधायला जायला हवं होतं. गेला नाहीत, त्याबद्दल मनापासून आभार. माझ्यासारखे तुमच्या कागदांवर आज दोहापासून हनोईपर्यंत उडताहेत.

आता माझी खबर. लायसन्स झालं, नोकरीही लागली. भारतात कमांडर होते, इथे सीनिऑरिटी शून्यापासून, त्यामुळे पुन्हा को-पायलटच्या उजव्या सीटवर. वाईट वाटत नाही असं नाही. पण डावीकडचा कॅप्टन माझ्याहून लहान असला तरी जोराच्या आडव्या वाऱ्यात फार सुंदर उतरवतो, शिकायला मिळतंय.

एक काम आहे. आपल्याच बॅचमधल्या एकाचं पाकीट घर बदलताना हरवलंय. त्याला कॅनडाला जायचंय. तुमच्याकडे प्रती असतील, अशी त्याची खात्री आहे आणि माझीही. तुमचा नंबर त्याला देऊ का? तो रात्री उशिरा फोन करेल, त्याचं घड्याळ अजून यूटीसीवरच चालतं.

काकूंना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
रेकॉर्ड सेक्शनला लॉगबुक नेहमी उशिरा देणारी फर्स्ट ऑफिसर
डब्लिन