आई-बाबा, दूध परत एक लिटर करा

पुणे,
रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

गेल्या रविवारी महाशिवरात्रीला आले होते, तेव्हा लाईटबिल शोधताना फडताळातली बाबांची लाल वही हाताला लागली. विचारून उघडायला हवी होती. पण उघडली, आणि मग मिटवेना. तुम्ही दोघं दुपारी जरा पडला होता, तेवढ्या वेळात जानेवारीपासून मागं मागं जात वर्षभराची पानं वाचली आणि मोबाईलवर फोटो काढून आणले. रागावू नका. आठवडाभर रोज रात्री तीच पानं घेऊन बसतेय. फोनवर हे बोलणं व्हायचं नाही. बाबा "सगळं बरं चाललंय" म्हणून फोन आईकडे देतात, आणि आई नातीनं काय खाल्लं ते विचारत राहते. म्हणून पत्र.

जूनमध्ये दूध एक लिटरवरून अर्ध्या लिटरवर आलं. मागच्याच पानावर मे महिन्यात बाबांच्या मोतीबिंदूचा खर्च आहे, त्यामुळं कारण विचारायची गरज पडली नाही. पण डोळ्याचे पैसे दसऱ्याला फिटल्याचंही बाबांनी लिहिलंय, आणि दूध मात्र अजून अर्ध्यावरच. जुलैपासून फळं म्हणजे एकादशी-चतुर्थीची केळी. अंडी बंद. तूरडाळ महिन्याला एक किलो, दोघांत. मटण गणपतीनंतर एकदाच, तेही आम्ही दिवाळीला आलो त्या आठवड्यात.

बाबा, शाळेत असताना तुम्ही मला पहाटे सायकलवर मागं बसवून गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर न्यायचा. समोर म्हैस पिळायची आणि फेसासकट पेला माझ्या हातात द्यायचा. मटणाचा दर वाढला म्हणून २०१९ मध्ये कोल्हापुरात आंदोलन झालं, तेव्हा पेठेतल्या लोकांबरोबर तुम्हीही गेला होता. त्याच घरात दूध निम्मं झालं आणि आठ महिने कुणी एक शब्द बोललं नाही, हे मला फार लागलं.

मग बेरीज केली. फेब्रुवारी ते जानेवारी, किराणा, दूध, भाजी, सगळं धरून बारा महिन्यांचे ५४,७२० रुपये. महिन्याला ४,५६०. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरातल्या माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये निघाला होता, आणि त्यातला सुमारे ४० टक्के खाण्यापिण्याचा. म्हणजे माणशी पावणेतीन हजारांच्या थोडं वर, दोघांचे साडेपाच हजार. तुम्ही त्याच्या बऱ्याच खाली आहात. पण माझा जीव खालीवर झाला तो पुढच्या हिशेबानं.

तुमच्या वहीत काही खरेदींपुढं बाबांनी बारीक अक्षरात लिहिलंय: "बाळीस", म्हणजे मला, आणि "दादास". आजऱ्याचा घनसाळ तांदूळ दहा किलो, बाळीस. शेंगदाणे, गुळाची ढेप, दादास. दिवाळीचा फराळ. आणि सगळ्यात मोठी रक्कम चटणीची: ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, खोबरं, तीळ, धने, लसूण, कांडपाचे पैसे, त्यातले दोन वाटे आमचे. ही सगळी "बाळीस, दादास" वेगळी काढून मांडली तर वर्षाचे १४,२०० होतात. महिन्याला ११८३ रुपये. तुम्ही तोडलेलं अर्धा लिटर दूध महिन्याला जवळपास तेवढ्याचंच आहे.

म्हणजे आमच्या डब्यातली चटणी तुमच्या दुधाच्या कपातनं आली. इथं पुण्यात मी ती मैत्रिणींना वाटते, "आमच्या आईच्या हातची" म्हणून बरणी भरून देते. आणि आमचं वजा केलं, तर तुम्ही दोघं महिन्याला ३,३७७ रुपयांत जेवताय. माझ्या घरी जानेवारीत नुसत्या मोबाईलवरनं मागवलेल्या खाण्याचे ४,१३० झाले. हे कळलं त्या रात्री मी झोपले नाही. ते मागवणं आम्ही आठवड्याला एकदावर आणलंय, पण ते आमचं आम्ही बघू.

बाबांचं पेन्शन मला ठाऊक आहे. उद्यमनगरात तीस वर्षं भट्टीपुढं काढून २,१८० रुपये. सरकारनं २०१४ मध्ये पीएफचं पेन्शन महिन्याला किमान १,००० ठरवलं, म्हणून "आपलं दुप्पट आहे" असं तुम्ही समाधानानं सांगता. त्यात वरच्या खोलीचं भाडं आणि दादा पाठवतो ते. काटकसर तुम्हाला करायलाच हवी, ते मी नाकारत नाही. माझं म्हणणं एवढंच, की कात्री चुकीच्या ठिकाणी लागलीय.

तेलाचं बघा. वहीत महिन्याला साडेतीन किलो तेल आहे, आणि बाबांना ब्लडप्रेशरची गोळी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराच्या सूचना काढल्या. त्यात माणशी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप, म्हणजे दोघांना महिन्याला दीड किलोच्या थोडं वर. आणि दूध किंवा दही माणशी ३०० मिली. तुमच्या अर्ध्या लिटरमध्ये तर तुमचे चहा, विरजण आणि आल्यागेल्याचा चहाही बसवलेला. जे निम्म्यावर यायला हवं ते तसंच राहिलं, आणि जे पुरं हवं ते निम्मं झालं. आई, तुला स्वयंपाक शिकवायची माझी लायकी नाही. पण फोडणीला तेल पळीनं न घालता चमच्यानं घाल, आणि महिन्याचं तेल वेगळ्या बरणीत काढून ठेव. पंधरा किलोचा डबा समोर असला की हात सैल सुटतो. तुझ्या गुडघ्यालाही आणि बाबांच्या ब्लडप्रेशरलाही बरं.

डबा संपल्यावर मधे मधे बाबांनी पिशव्या आणल्यात, तिथं एक सांगते. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. पण ८०० आणि ८५० ग्रॅमच्याही पिशव्या दुकानात असतात, दिसायला तेवढ्याच. दहा-पंधरा रुपये कमी म्हणून ती घेतली, तर किलोमागं महागही पडू शकते. आता पाकिटावर ग्रॅमला किंवा किलोला किती पडतं ते छापावं लागतं. बाबा, नवीन डोळ्यानं ते बारीक अक्षर वाचा.

डाळ वाढवा. त्याच सूचनांत कडधान्य, डाळी, अंडी, मांस मिळून माणशी दिवसाला ८५ ग्रॅम धरलेत, दोघांचे महिन्याला पाच किलो होतात. तुमची एक किलो तूर कुठं आणि ते कुठं. सगळी तूरच हवी असं नाही. अख्खा मसूर, मटकी, हुलगे तुला माझ्यापेक्षा चांगले करता येतात. थंडीत तू हुलग्याचं माडगं करायचीस, वहीत वर्षभरात हुलगे कुठं दिसतच नाहीत. का बंद झालं ते?

आणि हे सगळं सुटं घ्या, लक्ष्मीपुरीतनं. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्या-डाळींवर आणि पिठावर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. गुडघ्यामुळं गिरणीत जाणं होईना, म्हणून आई हल्ली पिठाची पाकिटं घेते. मी येताना कोपऱ्यावरच्या गिरणीत विचारून आलेय. डबा घरातनं नेऊन दळण परत आणून देतील, फेरीला दहा रुपये. गहू निवडायचं काम बाबांचं.

तांदळाचं मात्र पोतं भरू नका. आपण पाच जण होतो तेव्हा सुगीला वर्षाचं भरणं बरोबर होतं. दोघांना ते पुरून उरतं, आणि पावसाळ्यात पोरकिडे झाले की आई उन्हात घालून घालून दमते. मागच्या ऑगस्टमध्ये आठ किलो तांदूळ गुरांना घातल्याची नोंद वहीतच आहे. दोन महिन्यांचं घ्या.

अंगाचा साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्के झालाय, जुन्या छापील किमतीचं कुणी देत असेल तर विचारा. मॉलमध्ये "एकावर एक" म्हणून आणलेल्या फरशी पुसायच्या तीन बाटल्या मोरीत तशाच आहेत. तिथं जाऊ नका, एवढंच.

एवढ्यानं महिन्याला चारपाचशे सुटतील असा माझा अंदाज आहे. त्याची फळं आणा. संध्याकाळी सातनंतर कपिलतीर्थ मार्केटला गेलं की भाव उतरलेला असतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. पेरू, पपई, चिक्कू, काहीही. सफरचंदच पाहिजे असं नाही.

आता दुधाचं. लेकीकडून पैसे घ्यायचे नाहीत, हे बाबांचं व्रत मला माहीत आहे. लग्नाला चौदा वर्षं झाली, तुम्ही माझ्या घरचं पाणी प्यायलात तरी नातीच्या हातात पन्नासाची नोट ठेवून उठता. मी ते मोडायला सांगत नाही. पण चटणी, घनसाळ, शेंगदाणे हा माझ्या स्वयंपाकघराचा किराणा आहे. तो मी बाहेरनं आणला असता तर दुकानदाराला पैसे मोजलेच असते. त्यात आईचे हात आहेत, त्याचं मोल मी कधी करणार नाही. पण मिरचीचं आणि खोबऱ्याचं मोल मला करू द्या. दादाशी बोलले, त्याचंही हेच म्हणणं आहे. इथून पुढं "बाळीस" आणि "दादास" लिहाल त्याचे पैसे आम्ही देणार, आणि बाबा ते वहीत जमेच्या बाजूला लिहिणार. पैसे घ्यायचे नसतील तर चटणी पाठवू नका. हे लिहिताना माझा हात थांबला होता, पण लिहिलंय ते मनापासून.

मिरची अजून घेतली नसाल तर थांबा. ७ मार्चला शनिवारी रात्री मी येतेय, एकटीच. रविवारी सकाळी बाबा आणि मी लक्ष्मीपुरीत जाऊ. ब्याडगी किती, संकेश्वरी किती ते आईनं कागदावर लिहून ठेवावं, यंदा एक किलो जास्त धरून, कारण आमच्या शेजारच्या काकूंनाही पाहिजे आणि त्या पैसे देणार आहेत. देठं मी काढीन. आईनं खुर्चीवर बसून नुसतं सांगायचं, खाली बसायचं नाही.

आणि उद्या सकाळी दूधवाला येईल, त्याला एक लिटर सांगा. मी साडेसातला फोन करते.

तुमची,
बाळी