ताई, माझी बोटं शाबूत आहेत ती तुझ्यामुळे

प्रिय ताई,

समोर आभार मानायला गेले की तू विषय बदलतेस, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते आहे.

मुंबईत सॉफ्टबॉलला येणारी बहुतेक मुलं आधी गल्लीत क्रिकेट खेळलेली असतात. मी तर विकेटकीपर. चेंडू आला की दोन्ही हात जोडून पुढे करायचे, ही सवय अंगात मुरलेली. पण कीपरच्या दोन्ही हातांत ग्लोव्ह असतात, बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या एकाच हातात मिट, म्हणजे जाड ग्लोव्ह; दुसरा हात उघडाच. महिलांच्या खेळात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, अवघ्या ४३ फुटांवर उभी असते आणि चेंडूला बॅटची कड लागते ती मिटच्या जेमतेम हातभर पुढे. कड लागून मागे आलेल्या त्या चेंडूला, म्हणजे फाउल टिपला, उघडी बोटं सापडली की मोडलीच. तेवढ्यात हात मागे घेणं कुणालाच जमत नाही.

शिवाजी पार्कच्या त्या लाल मातीत माझ्यासमोर उकिडवी बसून तू माझा उजवा हात धरलास. अंगठा आत घेतलास, त्यावर बोटं सैल मिटवलीस आणि मूठ मिटच्या मागे नेऊन ठेवलीस. बेसवर रनर, म्हणजे पुढे धावायला थांबलेली खेळाडू, नसेल तर तिथेही नको, थेट घोट्यामागे. दर चेंडूआधी तू नुसतं "अंगठा!" म्हणायचीस. आता ते मीच मनात म्हणते.

बसणंही तूच बदललंस. पाय खांद्यांपेक्षा रुंद, वजन तळव्यांच्या आतल्या बाजूवर, मिटच्या हाताचं कोपर गुडघ्यांच्या पुढे मोकळं. रनर असेल तर कंबर थोडी वर, उजवा पाय किंचित मागे. बॅट फिरताना मिटला लागणार नाही इतकं अंतर, आणि मिट पुढे ताणायचं नाही.

टप्पा पडलेल्या चेंडूची मला खरी भीती वाटायची. तू माझे हात पाठीमागे घ्यायला लावून छातीवर टेनिसचे चेंडू टाकलेस. मान वळवली की गळा उघडा पडतो, हनुवटी खाली ठेवली की मास्क आपलं काम करतो, हे तेव्हा अंगाला कळलं. मिट आधी जमिनीवर, मग गुडघे, ही सवयही तिथेच लागली.

आईनेही तुझे आभार कळवायला सांगितलेत, विशेषतः वॉर्मअपलासुद्धा मास्कशिवाय बसू देत नाहीस म्हणून.

यंदा आलेल्या मुलींत एक कीपर आहे. तिचा उघडा हात अजून मिटशेजारी येतो. मी रोज सांगते, पण रविवारी तू ये आणि एकदा तिचा हात धर.

तुझी कॅचर